साडेआठला दार लोटलं की आत १९३५

पत्र थोडक्यात : लिहिणारे ३८ वर्षांचे, डोंबिवलीला राहतात, फोर्टातल्या एका विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघतात. सकाळी ७:५० ची लोकल, परत घरात पाऊल टाकेपर्यंत सव्वाआठ. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा त्यांच्या साठेक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी यांच्याकडे आल्या, नाट्यपदं, भावगीतं, थोडं शास्त्रीय. यांनी चांगला प्लेअर घेतला आणि तेव्हापासून रोज साडेआठ ते साडेदहा आतल्या खोलीचं दार लोटून, हेडफोन लावून रेकॉर्डी ऐकायच्या, नाहीतर लॅपटॉपवर प्रभात फिल्म कंपनीचा एखादा जुना पिक्चर बघायचा असं चालतं. पत्नी एका लॅबमध्ये नोकरी करतात, सहाला घरी येतात. मुलगी नऊ वर्षांची. पत्नी म्हणतात, "तू घरी असून घरी नसतोस." ऑफिसातली पोरं 'आजोबा' म्हणतात. साहेब म्हणाले की त्या वेळात एखादा ऑनलाइन कोर्स केला असतास तर प्रमोशनला उपयोग झाला असता. परवा जोरात भांडण झालं आणि यांनी रागारागात रेकॉर्डी विकायला काढल्या, मोबाइलवर फोटोसुद्धा टाकले. विचारतात : "मी भूतकाळात जगतोय का? हे व्यसन आहे का? जुन्या काळी लोक काम संपलं की निवांत गाणं ऐकायचे, आता माणसाला तेवढंही सुख मिळू नये का?"

नमस्कार,

विक्रीचे ते फोटो आधी काढून टाका. भांडणाच्या रात्री घेतलेला निर्णय निदान आठवडाभर तसाच पडू द्यावा, आणि खरं सांगायचं तर नेहमीच्या नाट्यपदांच्या रेकॉर्डींना काही फार भाव येत नाही, म्हणजे हातात किरकोळ पैसे येतील, दोन दिवस भांडण मिटल्यासारखं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याच खोलीत दार लोटून मोबाइल बघत बसलेले असाल. कारण भांडण रेकॉर्डींवरून झालंय असं मला तरी वाटत नाही.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. जुन्या काळी लोक काम संपलं की निवांत गाणं ऐकायचे. कोण लोक हो? तुम्ही रोज ज्या लाइनवरून जाता तिथेच करी रोड लागतं, परळ लागतं, तिथल्या गिरण्यांमध्ये १९११ च्या कायद्यानं पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला आणि तेव्हा ती मोठी सुधारणा समजली गेली. १९२२ ला अकरा झाले, १९३४ ला दहा, नऊ व्हायला १९४६ उजाडलं. म्हणजे तुमच्या रेकॉर्डींवरचं गाणं ज्या वर्षांत गायलं गेलं त्या वर्षांत साच्यावर, म्हणजे मागावर, दहा-अकरा तास उभं राहून बाहेर पडलेला माणूस काय निवांत असणार? तरीपण तो जायचा. परळला दामोदर हॉल १९२२ पासून उभा होता, तिथे गिरणीतलेच लोक पाळी संपवून तालमी करायचे, तोंडाला रंग लावायचे आणि नाटक करायचे, भजनी मंडळं होती, कोकणातल्यांचं नमन-जाखडी होतं, तमाशाचे फड होते. निवांतपणा नव्हताच, होती ती ओढ, आणि ती तुमच्यात आहे म्हणून मला तुमचं पत्र आवडलं.

मध्यमवर्गाचंही तेच. १९८० च्या दशकातला व्हिडिओ आठवणारे लोक जसे आता हळवे होतात तसे आपण संगीत नाटकाबद्दल होतो, पण त्या नाटकांचा हिशेब कधी बघितलात का? १८८० मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं तिथून पुढे बालगंधर्वांचा काळ येईपर्यंत आणि त्यानंतरही नाटक रात्री सुरू व्हायचं आणि वन्समोअरवर वन्समोअर घेत पहाटेपर्यंत चालायचं. तुमच्या रेकॉर्डीवर जे पद तीन मिनिटांत संपतं ते थेटरात कितीही वेळ लांबायचं. आणि ऐकणारा कारकून सकाळी तसाच लाल डोळ्यांनी कचेरीत. त्याचाही साहेब काहीतरी बोलत असणारच.

आता माझी एक गोष्ट सांगते, थोडं विषयांतर होईल पण चालवून घ्या. माझ्या लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीत रेडिओ होता, तेव्हा रेडिओचं लायसन्स काढायला लागायचं, ते वडिलांनी फाइलीत जपून ठेवलेलं. ते कामावरून आले की हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे आणि मुंबई केंद्रावरची कामगार सभा लागायची, मग गाणी, मग एखादी श्रुतिका. कुणी बोलायचं नाही. आज कुणी मला विचारलं तर मी पण डोळे मिटून म्हणेन की काय ते दिवस होते, संध्याकाळ, रेडिओ, भाकरीचा वास. पण काही वर्षांपूर्वी आकाशवाणीच्या जुन्या गाण्यांचा विषय निघाला, गीतरामायणाचा, १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर सुरू झालेलं आणि ५६ गाणी, आठवड्याला एक, ते पुढे पुन्हा कधी लागायचं तेव्हा आमच्याकडे पण ऐकलं जायचं, तर मी आईला म्हटलं तुला किती पाठ असेल ना. आई म्हणाली, "मला धड कधी ऐकूच आलं नाही, पंपाचा स्टोव्ह असायचा ना पेटलेला." पंपाचा स्टोव्ह ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल, तो भरारायला लागला की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. आई रेडिओपासून चार फुटांवर होती. इतकी वर्षं मी त्या आठवणीत भाकरीचा वास ठेवला होता आणि स्टोव्हचा आवाज काढून टाकला होता.

हे तुम्हाला का सांगतेय तर तुमचं पत्र. राग मानू नका पण मी मोजलं. चार पानांतली तीन पानं रेकॉर्डींवर आहेत, आणि छान आहेत, कुठली घासली गेलीय, कुठलीच्या लेबलवर आजोबांची सही आहे, सगळं. पत्नीवर पाच ओळी. त्यातली एक म्हणजे त्या काय म्हणाल्या ते, आणि चार म्हणजे ते कसं चुकीचं आहे ते. साडेआठ ते साडेदहामध्ये जेवण कधी होतं, ते कोण करतं, ओटा कोण आवरतं, मुलीचा अभ्यास कोण घेतं यातलं काहीच पत्रात नाही. तुम्ही मुद्दाम लपवलंय असं म्हणत नाही. तुम्हाला ते ऐकूच येत नाहीये, कानावर हेडफोन आहेत.

हिशेब सरळ करून बघा. त्या सहाला येतात. म्हणजे तुम्ही सव्वाआठला याल तोपर्यंत त्यांची घरातली पाळी सव्वादोन तास झालेली असते, तीही नोकरीवरून आल्यावर. मग तुम्ही येता, चहा घेता, पंधरा मिनिटांत दार लागतं. "घरी असून घरी नसतोस" हे वाक्य तुम्हाला टोमणा वाटला, मला ती नुसती माहिती वाटते. आणि बघा ना, त्यांनी जुन्या गाण्यांबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. जुनं-नवं हा मुद्दा तुमच्या ऑफिसातल्या पोरांचा आहे, तो तुम्ही उचलून घरच्या भांडणाला लावलात, कारण 'मी भूतकाळात जगतोय का' हा प्रश्न मनात घोळवायला बरा वाटतो, 'भांडी कोण घासतं' हा नाही वाटत.

आता दुसरी बाजू पण बोलते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई एकतर्फी सुटल्या. रोज सेंट्रलच्या गर्दीत जाऊन-येऊन अडीच-तीन तास, मधे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या आजारपणाच्या नाहीतर मरणाच्या फायली, त्यातनं आलेल्या माणसाला थोडा वेळ कुणी बोलू नये असं वाटणं यात काहीही चूक नाही. एकांत मागायला लाजू नका. आणि तुम्ही निवडलेली गोष्ट तर फारच चांगली आहे, कारण ७८ ची रेकॉर्ड तुम्हाला आळशी होऊ देत नाही. तीन-सव्वातीन मिनिटं झाली की उठायचं, बाजू पालटायची, सुई टेकवायची. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो तसलं काही नाही, दर गाण्याला तुम्हाला परत हो म्हणावं लागतं. लोक म्हणतात जुन्या गाण्यात शांती आहे, मला वाटतं निम्मी शांती त्या उठण्या-बसण्यात आहे, कारण हात गुंतलेले असतात आणि मोबाइल लांब असतो. ज्यांच्याकडे रेकॉर्डी नाहीत पण रात्री जुने पिक्चर नाहीतर दूरदर्शनच्या वेळच्या मालिका लावून बसतात त्यांनीही हे बघावं, आपण एक पिक्चर ठरवून बघतोय की एकामागून एक आपोआप सुरू होतंय आणि आपण फक्त बसलोय.

व्यसन आहे का विचारलंत. मी डॉक्टर नाही, पण साधी गोष्ट करून बघा, चार दिवस दार लोटू नका. चौथ्या दिवशी नुसती आठवण आली तर तो छंद. दुसऱ्याच दिवशी पोरीवर खेकसलात, झोप लागेना, ऑफिसात मन लागेना, तर गाण्याचा प्रश्न राहिला बाजूला, दिवसाचं काहीतरी तुम्ही त्या खोलीत दाबून ठेवताय, आणि मग कुणाशी तरी नीट बोललं पाहिजे, समुपदेशकाकडे जायचं तर जा, त्यात काही कमीपणा नाही. आजोबांच्या जाण्याचा याच्याशी संबंध असेलही, नसेलही. ते तुम्हाला जास्त कळेल, मी त्यात शिरत नाही.

साहेबांचं म्हणाल तर ते वेगळ्या कागदावर लिहा. कोर्स करायचाय की नाही हा पगाराचा आणि पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न आहे, तो रविवारी सकाळी डोकं ताजं असताना पत्नीबरोबर बसून सोडवा. खरंच उपयोगाचा असेल तर सहा महिने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्याला द्या. पण संध्याकाळच्या प्रत्येक तासाचं प्रमोशन झालंच पाहिजे ही जी आता नवीन रीत निघालीय ती मला मान्य नाही. नऊ तासांचा दिवस मिळवायला लोकांनी किती वर्षं घालवली ते वर लिहिलंच आहे, उरलेले तास साहेबाच्या नावावर करण्यासाठी नाही घालवली. आणि 'आजोबा' म्हणतात तर म्हणू देत, अडतिसाव्या वर्षी फुकटात नातवंडं आली म्हणायचं.

आता करायचं काय.

पहिलं म्हणजे, घरी आल्यावर पहिला पाऊण तास तुमचा नाही. चहा स्वतः टाका, दोघांचा टाका, आणि मग जे असेल ते, पोळ्या पत्नी लाटत असतील तर कुकर-कोशिंबीर तुमच्याकडे, किंवा मुलीचा अभ्यास तुमच्याकडे. "मी मदत करू का" असं विचारू नका, त्या विचारण्यानंच डोकं फिरतं, कारण मग काम वाटून द्यायचं कामसुद्धा त्यांच्यावरच येतं. एक गोष्ट कायमची तुमची करून टाका. जेवण तिघांनी एकत्र, आणि जेवणानंतरचा ओटा तुमचा. ओटा आवरताना रेकॉर्ड नाही लावता येणार, हात ओले असतात, पण स्पीकरवर गाणं लावता येतं, तेव्हा लावा, हेडफोनशिवाय. आमच्या आईच्या वेळचा स्टोव्ह आता गेलाय, गॅस आवाज करत नाही, तेव्हा स्वयंपाकघरात गाणं ऐकू येतं हे लक्षात घ्या.

दुसरं, दार. रोज दोन तासांऐवजी आठवड्यातल्या तीन संध्याकाळी घ्या, साडेनऊ ते साडेदहा, आणि सगळ्यांना सांगून घ्या की हा माझा वेळ, दार बंद असेल. रोज गुपचूप लोटलेल्या दारापेक्षा तीनदा सांगून बंद केलेलं दार घरातल्यांना सोसतं. पण मग तितक्याच संध्याकाळी पत्नीच्या, आणि त्या वेळात त्यांनी काय करायचं ते तुम्ही सुचवायचं नाही. झोपल्या तरी चालेल, मैत्रिणीशी तासभर फोनवर बोलल्या तरी चालेल, नुसत्या गॅलरीत बसल्या तरी. मागे एका बाईंचं पत्र आलं होतं, जुन्या गाण्यांचा तो तयार रेडिओसारखा डबा मिळतो ना, तो त्यांना मुलानं दिला होता, त्या लिहितात की मी आवडीनं ऐकते पण आयुष्यात एकही गाणं बसून ऐकलेलं नाही, कायम काहीतरी चिरताना. त्या पत्राला मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही पण वाक्य राहिलंय.

तिसरं, एक संध्याकाळ सगळ्यांची. शुक्रवार धरा. इथे मला तुमची थोडी भीती वाटते, कारण छंदवाली माणसं अशा वेळी शिकवायला लागतात. तुम्ही लावलेलं पद संपेपर्यंत पोरीनं हलायचं नाही, मग त्याचा राग कुठला, मग नाटक कुठलं, कंपनी कुठली. तसं करू नका. तिला फक्त बाजू पालटायचं काम द्या, सुई टेकवायचं द्या, नऊ वर्षांच्या हाताला ते जमतं आणि त्या वयात फुटणाऱ्या वस्तूवर आपल्याला कुणी भरवसा ठेवला याचं फार अप्रूप असतं. एखादी फुटेल. फुटली तर फुटली, कुठल्या फुटल्या तरी चालतील त्या तुम्हीच आधी काढून ठेवा, आजोबांच्या सहीची नको. आणि एक गाणं तुमचं झालं की एक तिचं, ती जे काय लावेल ते, तोंड वाकडं न करता. मग पत्नीचं. तुम्हाला कदाचित कळेल की त्यांना कुठलं गाणं आवडतं, पत्रात तरी ते नव्हतं.

पोरीला सांगायला एक गंमत देते. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजान या गायिकेचं रेकॉर्डिंग झालं, त्या गाणं संपलं की इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगायच्या, 'माय नेम इज गौहरजान', कारण रेकॉर्डी छापायला जर्मनीला जायच्या आणि तिथल्या माणसांना कळायला हवं की लेबलवर नाव कुणाचं टाकायचं. मुलांना हे भयंकर आवडतं. आठवडाभर घरात प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःचं नाव ओरडतात, ती जबाबदारी माझी नाही.

पिक्चरचं पण तसंच, लॅपटॉपवर एकट्यानं बघण्यापेक्षा भिंतीवरच्या टीव्हीला जोडा. प्रभातचे पिक्चर एकट्यानं बघण्यासाठी केलेलेच नाहीत, थेटरातल्या गर्दीसाठी केलेत. १९३७ चा 'कुंकू' घ्या, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते, आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, घरातले आवाज आहेत, घड्याळाचे ठोके आहेत. हा पिक्चर तुम्ही पत्रात लिहिल्याप्रमाणे तीनदा पाहिलाय. एकदा पत्नीबरोबर बघा आणि मधे बोलू नका, नंतर त्या काय म्हणतात ते ऐका. आणि कधी पुण्याला गेलात तर लॉ कॉलेज रोडला चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, तिथे जुने पिक्चर पडद्यावर दाखवतात, कार्यक्रम बघून जा. बुधवारी किंवा रविवारी गेलात तर जुना बाजारही असतो, पण तिथे जायच्या आधी खिशात किती न्यायचे ते घरी ठरवून जा, त्याबद्दल पत्रात एक ओळ फार घाईत लिहिली होतीत, "थोडेफार घेतो अधूनमधून", ते थोडेफार किती ते पत्नीला माहीत असू दे.

हे सगळं एकदम नाही जमणार. पहिल्या आठवड्यात ओटा तेवढा धरा. पत्नी पहिले तीन-चार दिवस संशयानं बघतील, कदाचित म्हणतील की भांडणामुळे चाललंय, आठ दिवसांत उतरेल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं बरोबरच आहे, आठ दिवसांत उतरतं बहुतेकांचं. नववा दिवस बघा.

आणि हो, पत्रात मधेच लिहिलंय की रेकॉर्डी स्वच्छ राहाव्यात म्हणून तुम्ही त्या स्पिरिटनं पुसता. ते आजपासून बंद. नंतरची प्लॅस्टिकची एलपी वेगळी, ७८ वेगळी, ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे तुम्ही दर रविवारी आजोबांचं गाणं थोडं थोडं पुसून काढताय. मऊ सुती फडकं, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, गोल गोल खाचांच्या दिशेनं, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही आणि लगेच कोरडी करायची. उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. भांड्यांचा साबण कुठे असतो ते आता ओटा आवरताना सापडेलच.